आहेराची वाटणी होते, घराची होत नाही

सिंधुदुर्गातलं बांदा आणि गोव्यातलं पत्रादेवी यांच्यामध्ये थोडकाच रस्ता आहे. दोन्हीकडे आमटीत पडणारा मासा एकाच समुद्रातला, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायची रीत एकच, सोयरीकही एकमेकांत होते. तरी लग्न लागल्यावर नवरा-बायकोच्या मालमत्तेचं काय होतं, असं विचारलं तर त्या थोडक्या रस्त्याच्या दोन टोकांना दोन अगदी वेगळी उत्तरं मिळतात. गोव्याच्या दिवाणी कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि घटस्फोट झाला तर ती निम्मी-निम्मी वाटली जाते. महाराष्ट्रात, आणि देशाच्या जवळजवळ सगळ्या भागात, लग्नाने मालकीत तसूभरही फरक पडत नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. त्यामुळे ‘घटस्फोटात कोर्ट मालमत्तेची वाटणी कशी करतं?’ या प्रश्नाचं इथलं खरं उत्तर असं की बहुतेक वेळा ते वाटणी करतच नाही. बायको निम्मी मालमत्ता घेऊन जाते ही समजूत व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही फिरत असली तरी तिला कायद्यात आधार नाही. कोर्ट पोटगी ठरवतं. पोटगी ठरवताना ते विचारतं, हिला जगायला किती लागेल. यात हिचं किती आहे, हे ते विचारत नाही. मला जे म्हणायचं आहे ते या दोन प्रश्नांमधल्या अंतराबद्दल आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेबद्दल एकच कलम आहे, २७ वं. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि नवरा-बायको दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंबद्दल घटस्फोटाच्या हुकमात योग्य ती तरतूद करण्याचा अधिकार ते कोर्टाला देतं. म्हणजे आहेर. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या कलमाचा अर्थ थोडा सैल केला आणि लग्नाआधी किंवा नंतर दिलेली, पण लग्नाशी संबंध असलेली मालमत्ताही त्यात बसवली. तरी पाया तोच राहिला. मांडवात आलेलं कपाट, पलंग, चांदीची भांडी यांची वाटणी कोर्ट या कलमाखाली करू शकतं. पुढच्या वीस वर्षांत दोघांनी मिळून उभं केलेलं घर मात्र या कलमाच्या बाहेर राहतं. स्त्रीधनाचं संरक्षण भक्कम आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवलेलं स्त्रीधन ही ठेव आहे, ते परत न करणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. पण हे सगळं जे आधीच तिचं आहे त्याचं रक्षण झालं. जे तिच्या श्रमातून उभं राहिलं आणि कागदावर दुसऱ्याच्या नावाने चढलं, त्याबद्दल कायदा गप्प आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने नवरा-बायकोतले मालमत्तेचे दावे ऐकण्याचा अधिकार या न्यायालयांना दिला हे खरं, पण तिथेही सिद्ध करायची असते ती मालकी, आणि मालकीचा पुरावा म्हणजे खरेदीखत आणि पैसे कुठल्या खात्यातून गेले याची नोंद.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका साध्या हिशेबात पाहू. समजा, चिंचवडला दोघं नोकरी करणारं जोडपं आहे. फ्लॅट घेताना कर्ज नवऱ्याच्या पगारावर मिळालं, म्हणून खरेदीखत त्याच्या नावाने झालं. मग घरात सोयीची विभागणी ठरली: त्याच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जाणार, आणि किराणा, दूध, वीजबिल, मुलांच्या शाळेची फी, सासूबाईंची औषधं हे सगळं तिच्या पगारातून. दोघांनाही ते बरोबरीचं वाटतं आणि आहेही बरोबरीचं, कारण तिने घरखर्च उचलला नसता तर त्याच्या पगारातून हप्ता निघालाच नसता. पंधरा वर्षांनी संसार मोडतो. त्याच्या बँकेच्या पासबुकात एकशे ऐंशी हप्त्यांची ओळीने नोंद असते. तिच्याकडे असतात वाण्याची फाटलेली बिलं, तीही असली तर. तिचा पगार खाण्यापिण्यात गेला आणि त्याचा पगार भिंतींत गेला. भिंती उभ्या आहेत म्हणून त्या त्याच्या. आणि ही कमावत्या बाईची स्थिती. जिने लग्नानंतर नोकरी सोडली, किंवा कधी केलीच नाही, तिच्याकडे दाखवायला तेवढंही नसतं.

मग तिच्या वाट्याला येते ती पोटगी. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली खटला चालू असतानाची आणि २५ व्या कलमाखाली कायमची. दोन्ही कलमांखाली नवरा आणि बायको दोघांनाही पोटगी मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कायमची पोटगी एकरकमी असू शकते किंवा दरमहा, आणि गरज पडली तर ती देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून चढवता येते. रकमेला ठरलेलं सूत्र नाही. नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात न्याय्य मानलं, पण तो नियम नव्हे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोठं काम केलं. पोटगी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही आपल्या मालमत्तेचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच द्यायचं, असं बंधन घातलं. ते प्रतिज्ञापत्र एकदा नजरेखालून घालण्यासारखं आहे. पगार, बँक खाती, मुदत ठेवी, भविष्यनिर्वाह निधी, विमा, शेअर, दागिने, वाहनं, शेती, कर्जं, भाडं, मुलांच्या शिकवणीचा खर्च, सगळे रकाने त्यात आहेत. संसाराची एवढी तपशीलवार यादी आपल्या न्यायव्यवस्थेत दुसरीकडे क्वचितच तयार होत असेल. सगळी मालमत्ता टेबलावर मांडली जाते, मोजली जाते, आणि मग तिच्यातून एवढंच काढलं जातं की नवऱ्याची देण्याची ऐपत किती. यादी पुरी असते, वाटणी करायचा अधिकार तेवढा नसतो.

पोटगी आणि हिस्सा यांतला फरक शब्दांचा नाही. २५ व्या कलमानुसार पोटगी घेणाऱ्या व्यक्तीने पुन्हा लग्न केलं तर कोर्ट दरमहाची पोटगी कमी किंवा बंद करू शकतं. हिस्सा असता तर तसं करता आलं नसतं. भागीदारी मोडून बाहेर पडलेल्या दुकानदाराने उद्या दुसरं दुकान काढलं म्हणून त्याचा पहिल्या दुकानातला हिस्सा कुणी परत मागत नाही. शिवाय पोटगी गरजेवर मोजली जात असल्याने काटकसरीने जगणाऱ्या बाईची गरज कमी ठरते आणि तिच्या काटकसरीतून शिल्लक राहिलेला पैसा ज्याच्या खात्यात आहे त्याच्याकडेच राहतो. इंग्लंडमध्ये २००० सालापर्यंत कोर्टं असंच मोजत असत. सॉमरसेट परगण्यातल्या एका शेतकरी जोडप्याचं प्रकरण तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेलं. दोघांनी तीस वर्षांहून अधिक काळ बरोबरीने शेती केली होती. खालच्या कोर्टाने बायकोच्या वाजवी गरजा मोजल्या, तेवढं तिला दिलं आणि उरलेलं सगळं नवऱ्याकडे ठेवलं. तिथले न्यायाधीश लॉर्ड निकोल्स यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: गरजा भागल्यावर उरलेलं सगळं एकट्या नवऱ्याचंच का? कमावणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात कोर्टाने भेदभाव करता कामा नये, असं त्यांनी लिहिलं, आणि निकाल देताना तो समान वाटणीच्या मापाशी ताडून पाहावा असं सांगितलं. तिथल्या निम्म्याची नक्कल आपण करावी असं मी म्हणत नाही. पण तो प्रश्न आपल्या कोर्टांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

आपली न्यायव्यवस्था घरकामाचं मोल ओळखत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती ओळखते, पण बाई मेल्यावर. १९८९ साली जमशेदपूरला झालेल्या अग्निकांडातल्या मृतांच्या भरपाईचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. २०१० मध्ये एका अपघाताच्या दाव्यात त्याच न्यायालयाने जनगणनेवर कडक टीका केली, कारण तिथे घरकाम करणाऱ्या बायकांची नोंद भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने ‘बिगर-कामकरी’ म्हणून केली होती. २०२१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे निकालपत्रात घेतले: घरच्यांसाठी बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. घरकामाला मोल आहे आणि ते कुटुंबाच्या आणि देशाच्या उत्पन्नात भर घालतं, हा विचार अशा तऱ्हेने वीस वर्षांत पक्का झाला. आता याचा सरळ अर्थ काय होतो पाहा. एसटीच्या अपघातात बाई गेली तर तिच्या पाच तासांच्या रोजच्या कामाची किंमत काढून ती नवऱ्याला आणि मुलांना दिली जाते. तीच बाई जिवंतपणी घटस्फोटासाठी त्याच कोर्टाच्या आवारात आली तर त्याच पाच तासांची किंमत शून्य धरली जाते. जे मोल वारसांना मिळू शकतं ते खुद्द तिला का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याही निकालात सापडलेलं नाही.

एका निकालाने ते मोल द्यायचा प्रयत्न केला. २०२३ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णन रामसामी यांच्यापुढे आलेल्या प्रकरणात नवरा अनेक वर्षं सौदी अरेबियात नोकरी करत होता आणि बायको इकडे मुलं आणि घर सांभाळत होती. त्याने पाठवलेल्या पैशांतून घेतलेल्या मालमत्तेवरून वाद होता. न्यायमूर्तींचं म्हणणं असं की बायकोने घर सांभाळलं म्हणून नवरा निश्चिंतपणे कमावू शकला, तेव्हा मालमत्ता कुणाच्याही नावावर असो, ती दोघांच्या कष्टांची आहे. अशा योगदानाची दखल घ्या असं सांगणारा कायदा नाही, पण दखल घेऊ नका असं सांगणाराही कायदा नाही, हेही त्यांनी नोंदवलं. निकाल धाडसाचा आणि माझ्या मते योग्य आहे. पण एका उच्च न्यायालयाचा तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायाधीशावर बंधनकारक नाही, आणि बाईचा हिस्सा न्यायाधीशाच्या दृष्टीवर अवलंबून राहणं ही काही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था कशी असते हे गोव्यात पाहता येतं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० च्या जुलैपासून तिथे लागू झाली, गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने ती चालू ठेवली, आणि वारसा व वाटणीचा भाग गोवा विधानसभेने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून नव्याने लिहिला. लग्नाआधी नोटरीपुढे करार करून जोडपं आपली पद्धत निवडू शकतं, उदाहरणार्थ सगळं सामाईक, फक्त लग्नानंतर मिळवलेलं सामाईक, किंवा सगळं वेगळं. काहीच केलं नाही तर सगळं सामाईक, आणि एकदा लागू झालेली पद्धत पुढे बदलता येत नाही. याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात. नवऱ्याला घर विकायचं असेल तर खरेदीखतावर बायकोची सही लागते, ती नसेल तर विकत घेणाराच पुढे सरकत नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात या जोडप्यांसाठी ५-अ हे वेगळं कलम घालावं लागलं: पगार सोडून घरभाडं, धंदा वगैरेचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरून दोघांकडून कर घ्यायचा. घटस्फोटानंतर वाटणीचं काम चालतं त्यात आधी मालमत्तेची यादी होते, मोल ठरतं, आणि जी वस्तू तोडून वाटता येत नाही, उदाहरणार्थ राहतं घर, तिच्यावर दोघं आपसांत बोली लावू शकतात; जास्त बोलणाऱ्याने घर ठेवायचं आणि दुसऱ्याचा फरक रोख चुकता करायचा. ही भारतातलीच कोर्टं आहेत. २०१९ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्याच्या रहिवाशाची गोव्याबाहेर भारतात कुठेही मालमत्ता असली तरी वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागू. आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्याने आधी या दीडशे वर्षांचा हिशेब द्यायला हवा.

गोव्याची पद्धत निर्दोष नाही. मूळ संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता, म्हणजे मालकी दोघांची आणि किल्ल्या एकाच्या. बायकोचा माहेरचा वारसाही त्या एकाच पेटीत पडतो. यावरून पहिला गंभीर आक्षेप निघतो: वडिलोपार्जित जमिनीचं काय? दोन वर्षांत मोडलेल्या लग्नापायी चार पिढ्यांच्या शेताचे तुकडे करायचे का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच गोव्याची ‘सगळं सामाईक’ ही पद्धत जशीच्या तशी महाराष्ट्रात आणावी असं मला वाटत नाही. जर्मनीत १९५८ पासून मूळ पद्धत वेगळी आहे. तिथे लग्नात मालकी वेगळीच राहते. लग्न मोडलं की प्रत्येकाकडे लग्नाच्या दिवशी किती होतं आणि आता किती आहे हे पाहतात, वारशाने किंवा बक्षीस म्हणून आलेली मालमत्ता वाढ म्हणून धरत नाहीत, आणि दोघांच्या वाढीतल्या फरकाची निम्मी रक्कम कमी वाढलेल्याला मिळते. शेताचा तुकडा पडत नाही, लग्न लहान तर वाढ लहान, आणि पैशांसाठी लग्न करून मोडणाऱ्या माणसाला हाती काही लागत नाही. गोव्याच्या वर सांगितलेल्या तीन पर्यायांतला मधला, म्हणजे लग्नानंतरचंच सामाईक, याच्या जवळचा आहे. तोच मूळ नियम धरावा, असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप कर्जाचा, आणि महाराष्ट्रात तो सगळ्यात जड. नफ्यात वाटा तर तोट्यातही वाटा. मग सोसायटीच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या बायकोच्या गळ्यात निम्मं कर्ज बांधायचं का? वाढीची पद्धत इथेही जास्त सुरक्षित आहे, कारण तिच्यात कर्ज ज्याचं त्याच्याच नावावर राहतं. ते फक्त त्याची वाढ मोजताना वजा होतं. वाढ शून्य झाली तर वाटायला काही नाही, पण दुसऱ्यावर बोजाही नाही. तिसरा आक्षेप खुद्द सर्वोच्च न्यायालयाचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका श्रीमंत जोडप्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की पोटगी ही नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी करण्यासाठी नाही, आणि विचारलं की वेगळं झाल्यावर नवरा कंगाल झाला तर बायको तेव्हाही बरोबरी मागेल का. वेगळं झाल्यानंतरच्या कमाईबद्दल न्यायालयाचं म्हणणं बरोबर आहे. ती दोघांच्या संसारातून आलेली नसते. पण या तर्काने वेगळं होण्याआधीची, एका छपराखाली झालेली वाढ वादातून सुटत नाही. तिची मोजणी त्या दिवसापर्यंत करून थांबावं, नंतरचं ज्याचं त्याला. आज कोर्टात खेचाखेची होते ती बरीचशी याच संदिग्धतेमुळे. आकडा ठरलेला नसतो, म्हणून एक बाजू गरज फुगवते आणि दुसरी ऐपत लपवते. पोटगीचे कायदे आपल्यावर हत्यारासारखे वापरले जातात अशी तक्रार करणाऱ्या पुरुषांनाही ठरलेल्या हिश्शाचा फायदाच आहे. एकदा हिशेब चुकता झाला की वर्षानुवर्षं दरमहाच्या तारखा मोजत बसावं लागत नाही. आणि ज्या घरात बायको जास्त कमावते तिथे नवऱ्यालाही हाच नियम तितकाच लागू होईल.

ठरलेल्या हिश्शाचा सर्वांत मोठा परिणाम कोर्टाच्या खोलीबाहेर होईल. संमतीच्या घटस्फोटात अटी दोघं वाटाघाटी करून लिहितात आणि न्यायाधीश त्यांवर शिक्का मारतो. वाटाघाटीला बसलेल्या माणसाची ताकद ही वाटाघाट फिसकटली तर कोर्टाकडून काय मिळेल यावर ठरते. आज बायकोला समुपदेशकाच्या टेबलाशी माहीत असतं की फ्लॅट त्याच्या नावावर आहे, कोर्ट तो तोडून देणार नाही, आणि पोटगीसाठी वर्षं जातील. मग ती दागिने आणि थोडी रोख घेऊन फ्लॅटवरचा सगळा हक्क सोडल्याचं लिहून देते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासऱ्याच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं ठरवलं, पण तो छपराखाली राहण्याचा हक्क झाला, छपराच्या मालकीचा नव्हे.

हे बदलण्याचा एक प्रयत्न संसदेपर्यंत गेला होता. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला हिस्सा देण्याचा अधिकार कोर्टाला देणारं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केलं. किती हिस्सा ते त्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणजे पुन्हा सगळं न्यायाधीशावरच होतं. तरी दार किलकिलं झालं असतं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही, आणि २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही संपलं. महाराष्ट्राने त्याच्याही कितीतरी आधी दुसऱ्या वाटेने जाऊन पाहिलं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायला सांगितलं, आणि गावोगाव पुरुषांनी तो केलाही. पुढे सरकारी पातळीवर सात-बारावर बायकोचं नाव नवऱ्याच्या बरोबरीने लावण्याची सोय झाली. आजही राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका दुपारचं काम. मात्र त्या कागदावर देणारा म्हणून सही नवऱ्याची लागते.